कैलास लेण्याचा कडा 30 मीटर उभा, मग खदानीला 6 मीटरचा नियम का?

छत्रपती संभाजीनगरजवळचं वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरलंय, हे आपण शाळेपासून ऐकतो. खाणकामाच्या नजरेनं पाहिलं तर तो आठव्या शतकातला एक उघडा खड्डाच आहे. मागचा कडा जवळपास 30 मीटर उंच आणि सरळ उभा.

आता आजचा नियम बघा. दगडखाणींना लागू असलेल्या 1961 च्या खाण नियमांनुसार, खास परवानगी नसेल तर कठीण खडकातही एका पायरीची उंची 6 मीटरच्या वर नेता येत नाही. खोल जायचं तर पायऱ्या पाडतच जायचं.

खडक तर दोन्हीकडे तोच, आपला काळा पाषाण. मग फरक कुठे?

कडा कोसळतो तेव्हा बहुतेकदा दगड तुटलेला नसतो, सुटलेला असतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. या भेगा कुठल्या दिशेला कलल्यात, यावर सगळा खेळ आहे. एका फळीवर वीट ठेवा आणि फळी हळूहळू उचला. एका कोनाला वीट घसरतेच. भेग खड्ड्याच्या बाजूला तेवढी कललेली असेल तर वरचा दगड म्हणजे ती वीट. भेग उलट्या बाजूला कललेली असेल तर तोच दगड बिनघोर बसून राहतो.

त्यात पावसाचं पाणी भेगेत साचलं की ते आतून दगडाला बाहेर ढकलतं. शिवाय कैलास छिन्नीनं कोरलंय, खदानीत सुरुंग लागतात. सुरुंगानं कड्यामागच्या भेगाही सैल होतात. (भेगा वेरूळलाही आहेतच. पावसाळ्यात लेण्यांत पाणी झिरपतं ते त्यांतूनच.)

म्हणून भूवैज्ञानिक आधी भेगांची दिशा आणि उतार मोजतात. मग हिशोब होतो: दगडाला धरून ठेवणारा जोर भागिले त्याला खाली ओढणारा जोर. उत्तर 1 आलं तर कडा अगदी काठावर आहे. खाणीत साधारण 1.2 ते 1.5 ठेवतात, माणसं आणि रस्ते खाली असतील तिथे जास्त.

हिशोबानंतरही पहारा लागतो. 2013 मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत प्रचंड कडा कोसळला, पण रडारनं हालचाल आधीच टिपल्यामुळे माणसं बाहेर काढली होती. एकही जीव गेला नाही. 2016 मध्ये झारखंडच्या राजमहल कोळसा खाणीत मातीदगडाचा ढिगारा घसरला, 23 कामगार गेले.

छोट्या खदानीत रडार कुठून येणार? तिथे रोज सकाळी माथ्यावर चक्कर मारायची. काठापासून 3 मीटरपर्यंत सुटा दगड ठेवायचा नाही, हाही नियमच आहे. आणि काठाला समांतर नवी भेग दिसली, तर खालचं काम त्याच क्षणी बंद.