अदृश्य हातांचा गौरव

मनुष्य हा स्वभावतःच क्रीडाप्रिय आहे. अंगणातील विटीदांडू, माजघरातील सारीपाट आणि पटावरील बुद्धिबळ यांनी पिढ्यानपिढ्या त्याचे मन रिझविले. हे खेळ प्रथम कोणी निर्माण केले, हे आज कोणासही सांगता येणार नाही. व्हिडिओ गेमची गोष्ट मात्र निराळी आहे. हा खेळ ठरावीक माणसांच्या श्रमांतून, आपल्या डोळ्यांदेखत जन्मास येतो. त्यामागे कथा रचणारे लेखक असतात, दृश्ये रेखाटणारे चित्रकार असतात, संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ असतात. त्याचप्रमाणे ध्वनियोजक, संगीतकार आणि नटही असतात. तथापि खेळणाऱ्यास खेळातील वीरांची नावे तोंडपाठ असतात. त्या वीरांना घडविणाऱ्यांची नावे त्याच्या कानांवरही आलेली नसतात. या अदृश्य हातांचा जाहीर सन्मान व्हावा, या हेतूने जे समारंभ होतात, त्यांत ‘द गेम अवॉर्ड्स’ हा विशेष प्रसिद्ध आहे.

या समारंभाचे प्रवर्तक जेफ कीली हे मूळचे कॅनडातील पत्रकार होत. अशा खेळांना पारितोषिके देणारा एक कार्यक्रम १९९४ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर झाला होता. त्याच्या लेखनास अल्पवयीन कीलींनी हातभार लावला होता. पुढे २००३ ते २०१३ या काळात स्पाइक या दूरचित्रवाणी वाहिनीने असाच एक वार्षिक सोहळा चालविला. तो बंद पडल्यावर कीलींनी स्वतःचे धन खर्ची घालून नवा समारंभ उभा केला. ५ डिसेंबर २०१४ रोजी लास व्हेगास येथे त्याचा आरंभ झाला. पुढील वर्षापासून तो डिसेंबर महिन्यात लॉस एंजेलिस येथे भरू लागला. २०२० साली महासाथीमुळे प्रेक्षकांना नाट्यगृहात येता आले नाही. तरीही त्या वर्षी सोहळ्यात खंड पडला नाही.

पारितोषिकांची निवड कशी होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. निरनिराळ्या देशांतील शंभरांहून अधिक वृत्तपत्रे, नियतकालिके व अन्य प्रसारसंस्था मिळून परीक्षकमंडळ बनते. हे मंडळ प्रथम प्रत्येक विभागात काही मोजकी नावे निवडते. त्यानंतर अंतिम मतदान होते. बहुतेक विभागांत परीक्षकांच्या मतांस शंभरात नव्वद भाग, तर सामान्य खेळाडूंच्या मतांस दहा भाग वजन असते. लोकप्रियता आणि गुणवत्ता या नेहमीच एकत्र नांदतात असे नाही; म्हणूनच ही विभागणी केलेली असावी. केवळ लोकमतावर ठरणारा एक स्वतंत्र विभागही आहे. सर्वोत्कृष्ट खेळाच्या निवडीपूर्वी वाद्यवृंद अंतिम स्पर्धेतील खेळांचे संगीत एका सलग रचनेत गुंफून वाजवितो. अशा रीतीने जिंकणारे आणि हरणारे क्षणभर एका सुरात बांधले जातात.

या सन्मानाचे मोल एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. इंग्लंडमधील केंब्रिज येथे निंजा थिअरी या संस्थेच्या सुमारे वीस जणांच्या गटाने ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ हा खेळ तयार केला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. त्याची नायिका सेनुआ ही मनोविकाराने पीडित आहे. तिच्या कानांत सतत कोणी ना कोणी बोलत असते. हे आवाज अशा कौशल्याने ध्वनिमुद्रित केले आहेत की, कर्णयंत्र लावून खेळणाऱ्यास ते स्वतःच्या भोवती फिरत असल्याचा भास होतो. या कामी मानसतज्ज्ञांचा आणि तो विकार स्वतः भोगलेल्या व्यक्तींचा सल्ला घेण्यात आला होता. सेनुआची भूमिका करणाऱ्या मेलिना युर्गेन्स या व्यवसायाने नटी नव्हत्या. त्या त्याच संस्थेत चित्रफितींचे संपादन करीत असत. योग्य अभिनेत्री मिळेपर्यंत केवळ चाचणीसाठी म्हणून त्यांना उभे करण्यात आले होते. परंतु त्यांचा अभिनय इतका जिवंत उतरला की, भूमिका त्यांच्याकडेच राहिली. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक त्यांना मिळाले. ध्वनियोजनेसाठी आणि समाजोपयोगी परिणामासाठीही हाच खेळ गौरविला गेला.

महाराष्ट्राचे नावही या व्यासपीठावर उच्चारले गेले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. हरवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवर घडते. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न फसला; परंतु निर्मात्यांनी हाती घेतलेले काम टाकले नाही. २०२० साली पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या विभागात ‘राजी’ला नामांकन मिळाले. पारितोषिक दुसऱ्या खेळास गेले खरे. परंतु जगातील मोजक्या नवोदितांत पुण्याच्या निर्मात्यांची गणना झाली, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

या सोहळ्यात दोष नाहीत असे मात्र नाही. आगामी खेळांच्या जाहिराती आणि प्रसिद्ध नटांची उपस्थिती यांत पुष्कळ वेळ जातो. २०२३ साली विजेत्यांना आभाराचे चार शब्द बोलण्यासही पुरेसा वेळ मिळाला नाही. भाषण आवरते घेण्याची सूचना त्यांच्यासमोर झळकू लागे. ज्यांच्यासाठी मांडव घातला, त्यांनाच मांडवात जागा अपुरी पडावी, याविषयी अनेकांनी नापसंती व्यक्त केली. त्याच सुमारास या व्यवसायातील हजारो लोक नोकऱ्यांना मुकले होते. पुढच्या वर्षी, २०२४ साली, आमिर सतवत यांचा या समारंभात विशेष सन्मान झाला. त्यांना हा मान एखादा खेळ घडविल्याबद्दल मिळाला नव्हता. नोकरी गमावलेल्या सहव्यावसायिकांना पुन्हा काम मिळावे म्हणून ते आपल्या फावल्या वेळात झटत होते, हेच त्यांचे कार्य होय.

सारांश, पारितोषिकाची मूर्ती ही निमित्तमात्र असते. आपल्याला आनंद देणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी श्रम असतात, याची आठवण देणे हेच अशा समारंभाचे खरे प्रयोजन होय. खेळ संपल्यावर पडद्यावरून निर्मात्यांची नावे सरकू लागतात. खेळणाऱ्याने क्षणभर थांबून ती वाचली, तर तोही एक सन्मानच ठरेल. आणि तो करण्यासाठी कोणत्याही व्यासपीठाची आवश्यकता नाही.