व्हिडिओ खेळांतील स्त्रीचित्रण

व्हिडिओ खेळांतील स्त्रीचित्रण : दूरचित्रवाणीच्या वा संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळांत आणि त्यांच्या जाहिरातींत स्त्रियांचे जे रूप व कार्य दाखविले जाते, त्याचा विचार या विषयात होतो. चित्रपटाचा प्रेक्षक घटनांचा केवळ साक्षी असतो. खेळाडू मात्र स्वतः कृती करतो. त्यामुळे स्त्री कशी दिसते याइतकाच, खेळाच्या नियमांनी तिला काय करता येते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

आरंभीच्या खेळांत स्त्री बहुधा पारितोषिकाच्या स्वरूपात आढळते. जपानमधील निन्टेंडो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळात महाकाय वानराने पळविलेल्या तरुणीची सुटका करावयाची असते; ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) तिची जागा राजकन्येने घेतली. मोजक्या चित्रबिंदूंत कथा सांगावयाची असल्याने परिचित साचे सोयीचे ठरत. ‘मिस पॅक-मॅन’ (१९८२) या खेळात मूळच्या वर्तुळाकृतीस केसांतील फीत व ओठांची लाली जोडून स्त्रीत्व सुचविले आहे. म्हणजे पुरुष हे सर्वसामान्य रूप आणि स्त्री हा त्याचा सजविलेला प्रकार मानला गेला. अमेरिकेतील ‘कस्टर्स रिव्हेंज’ (१९८२) या खेळात तर मूळ अमेरिकन स्त्रीवरील लैंगिक अत्याचार हेच खेळाडूचे उद्दिष्ट होते. त्याविरुद्ध स्त्रियांच्या व मूळ अमेरिकनांच्या संघटनांनी निदर्शने केली.

खेळांच्या निर्मितीत स्त्रिया नव्हत्या, असे नाही. रोबर्टा विल्यम्स (‘मिस्टरी हाउस’, १९८०) व कॅरल शॉ (‘रिव्हर रेड’, १९८२) यांची कामगिरी पायाभूत आहे. तथापि १९८३ मधील मंदीनंतर अमेरिकेत हे खेळ मुलग्यांची खेळणी म्हणून विकले जाऊ लागले व जाहिरातींनी तोच समज दृढ केला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

नायिका असलेल्या खेळांतही हे द्वंद्व दिसते. ‘मेट्रॉइड’मधील (१९८६) चिलखतधारी वीर स्त्री असल्याचे अखेरीस उघड होते, पण खेळ जितका लवकर संपवावा, तितकी ती कमी वस्त्रांत दिसते. ‘टूम रेडर’ची (१९९६) नायिका लारा क्रॉफ्ट ही धाडसी व स्वावलंबी असली, तरी तिची अतिशयोक्त देहाकृती हाच जाहिरातींचा मुख्य आधार होता. २०१३ च्या नव्या आवृत्तीत ही आकृती अधिक वास्तव करण्यात आली.

अनिता सार्कीशियन यांनी २०१३ ते २०१७ या काळात चित्रफितींच्या मालिकेद्वारे अशा साच्यांची चिकित्सा केली. तिला उत्तर म्हणून युक्तिवादांबरोबर धमक्याही आल्या. सामूहिक गोळीबाराच्या धमकीनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांना यूटा राज्य विद्यापीठातील व्याख्यान रद्द करावे लागले. त्याच वर्षी ‘गेमरगेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मोहिमेत स्त्री-निर्मात्यांचा व समीक्षकांचा संघटितपणे छळ झाला. खेळातील चित्रण आणि त्या क्षेत्रातील स्त्रियांचे स्थान हे प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट झाले.

पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ (२०२०) या खेळात असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाचा शोध त्याची बहीण घेते. अपहरण व सुटका ही जुनीच कथा येथे आहे. कृतीचा अधिकार मात्र मुलीकडे आला आहे. चित्रणातील बदलाचे खरे गमक पात्रांच्या संख्येपेक्षा या अधिकारात शोधावे लागते.