ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाचं नव्हे

लिनक्स डिस्ट्रोसाठी पॅकेज बांधायला बसलेल्या नवख्याची पहिली समजूत अशी असते: ज्या डिपेंडन्सीला 'ऐच्छिक' म्हटलंय, ती नसली तरी काही बिघडत नाही.

डेबियनमधलं गिट पाहा. सीए-सर्टिफिकेट्स आणि एसएसएच क्लायंट ही पॅकेजं तिथे 'डिपेंड्स'मध्ये नाहीत, 'रेकमेंड्स'मध्ये आहेत. कंटेनरची इमेज लहान राहावी म्हणून अनेक जण 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय देतात. गिट बिनतक्रार इन्स्टॉल होतं आणि एचटीटीपीएसवरून पहिलंच क्लोन करताना सर्टिफिकेट तपासता न आल्यामुळे अडतं. तरीही पॅकेजरचा निर्णय योग्यच आहे, कारण फक्त आपल्या मशीनवर कोडचा इतिहास सांभाळणाऱ्याला या दोन्हींची गरज पडत नाही. डेबियनच्या धोरणानुसार रेकमेंड्स म्हणजे एखादं अपवादात्मक इन्स्टॉलेशन वगळता सोबत असायलाच हवीत अशी पॅकेजं. 2009 साली आलेल्या लेनी या आवृत्तीपासून डेबियनचं पॅकेज-साधन एपीटी ती आपणहून इन्स्टॉल करतं. 'सजेस्ट्स'मधली पॅकेजं मात्र मागितल्याशिवाय येत नाहीत.

हीच रीत सगळीकडे असेल, असंही धरून चालू नये. आर्चमध्ये पॅकमन ऐच्छिक पॅकेजांची फक्त यादी दाखवतो, इन्स्टॉल काहीच करत नाही. पण त्या यादीत प्रत्येक नावापुढे ते कशासाठी हवं, हे लिहिता येतं. ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. एका ओळीचं कारण वाचून वापरणारा स्वतः ठरवू शकतो, म्हणून पॅकेजरने ती ओळ कधी टाळू नये. आरपीएममध्ये अशा सैल डिपेंडन्सी 2014 च्या 4.12 आवृत्तीपासून आहेत आणि फेडोरात डीएनएफ रेकमेंड्स आपसूक घेतं. तिथे उलट दिशेची सोयही आहे: 'सप्लिमेंट्स', म्हणजे कोणासोबत यायचं हे ऐच्छिक पॅकेजच सांगतं. 'लँगपॅक्स-एमआर' हे मराठीचं पॅकेज घेतलं, की मशीनवर लिबरऑफिस असल्यास त्याचं मराठी भाषांतर मागोमाग येतं. त्यासाठी लिबरऑफिसच्या मूळ पॅकेजात मराठीचा उल्लेखही करावा लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'हवं असेल तर नंतर टाकता येईल' या समजुतीने. काही निवडी इन्स्टॉल करताना नव्हे, तर कंपाइल करतानाच होऊन गेलेल्या असतात. मे 2024 मध्ये डेबियनच्या विकास शाखेत कीपासएक्ससी या पासवर्ड-व्यवस्थापकाचं पॅकेज ब्राउझरशी जोडणी आणि नेटवर्कच्या सुविधा वगळून बांधलं गेलं. त्या हव्या असणाऱ्यांसाठी 'कीपासएक्ससी-फुल' वेगळं ठेवलं. अपग्रेडनंतर ब्राउझरची जोडणी अचानक बंद पडल्याने वापरणारे गोंधळले. दुसरं कुठलंही छोटं पॅकेज टाकून ती परत येणार नव्हती, कारण तो कोड बायनरीत नव्हताच.

उलटा प्रकारही तितकाच नडतो. एखाद्या प्रोग्रामच्या लेखकाने लायब्ररी ऐच्छिक ठेवली असली, तरी बायनरी एकदा तिच्याशी लिंक झाली की ती लायब्ररी सापडल्याशिवाय डायनॅमिक लिंकर प्रोग्राम सुरूच करत नाही. म्हणून डेबियनची आणि आरपीएमची साधनं बायनरी वाचून अशा लायब्रऱ्या सक्तीच्या यादीत आपोआप घालतात. त्यात अनेक बिल्ड स्क्रिप्ट मशीनवर जे सापडेल ते गुपचूप जोडून घेतात. मग त्याच सोर्समधून माझ्याकडे एक पॅकेज बनतं, तुमच्याकडे दुसरं. यावरचा उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे: बिल्ड स्वच्छ वातावरणात करायचं (डेबियनचं एसबिल्ड, फेडोराचं मॉक) आणि प्रत्येक सुविधा चालू की बंद, हे स्पष्ट सांगायचं. मेसन या बिल्ड-साधनातला 'ऑटो' तसाच सोडू नये.

मग सगळं चालू ठेवावं का? त्याचीही किंमत असते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन-साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. पण डेबियन, फेडोरा यांनी सर्व्हर सुरू झाल्याची सूचना सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला मिळावी म्हणून लिबसिस्टमडी जोडलं होतं, आणि त्याच्यामागून एक्सझेडची लायब्ररी एसएसएचच्या प्रक्रियेत शिरली.

अशा लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडण्याचं काम सिस्टमडीत त्याआधीच सुरू झालं होतं. ते 256 व्या आवृत्तीत वापरात आलं, पण त्यातून पॅकेजरपुढे नवी अडचण उभी राहते: चालू प्रोग्रामने डीएलओपनने उघडलेली लायब्ररी लिंकच्या यादीत दिसत नाही, त्यामुळे आपोआप डिपेंडन्सी शोधणाऱ्या साधनांच्या हाती काही लागत नाही. म्हणून सिस्टमडी आता बायनरीतच एक नोंद ठेवतं. कोणती लायब्ररी, कशासाठी, आणि ती आवश्यक, शिफारस केलेली की केवळ सुचवलेली, हे त्या नोंदीतून पॅकेज बांधणाऱ्या साधनांना वाचता येतं.