गॅरेजातून आलेली गाडी

निमगाव सावाच्या शिवारात टोमॅटोचा तोडा सुरू झाला की पिकअप गाड्यांना उसंत नसते. कुणी नारायणगावचा बाजार गाठतो, तर कुणी आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून थेट वाशीला जातो. नेमक्या अशा दिवसांत इंजन कुरकुरते. गाडी घाईने गॅरेजात जाते, दोन दिवसांनी परत येते, पैसे चुकते होतात, आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आचके देऊ लागते. "आत्ताच तर केली की!" म्हणून मालक कपाळाला हात लावतो.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा : खोड जुनीच आहे की नवी? जुनी खोड परतली असेल, तर मूळ कारण सापडलेच नव्हते असे समजावे. इंजन तापते म्हणून थर्मोस्टॅट बदलला, पण रेडिएटर आतून गाळाने चोंदलेला तसाच राहिला, अशातला तो प्रकार. पण जी तक्रार पूर्वी कधीच नव्हती ती दुरुस्तीनंतर उपटली, तर मिस्त्रीचा हात जिथे जिथे लागला तिथेच आधी पाहावे. काल पाटाचा बांध नव्याने घातला आणि आज वाफ्यात पाणी येईना, तर तुम्ही आधी विहिरीत डोकावत नाही, बांधच पाहता. इथेही तसेच.

गाडी पेट्रोलची असेल आणि उभ्या जागी थरथरत असेल, तर प्लगकडे जाणाऱ्या जोडण्या पाहाव्यात. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. जुन्या गाडीत दोन तारांची अदलाबदल झाली तरी हा क्रम मोडतो. नव्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिची खिट्टी अर्धवट बसली की एक सिलिंडर मुका होतो. तसेच हवेच्या फिल्टरपासून इंजनाकडे जाणारा रबरी पाइप. इंजनात किती हवा गेली याचा हिशेब तिथला सेन्सर ठेवतो. पाइपची पट्टी सैल राहिली की बिनहिशेबी हवा आत शिरते आणि इंजन कधी चढते, कधी पडते. दोन मिनिटांचे काम. पण ते कुणी सांगितले नाही तर माणूस हजारोंचे सामान बदलून बसतो.

डिझेल गाडीचे गाऱ्हाणे वेगळे. फिल्टर बदलताना नळीत हवा शिरते. डिझेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. म्हणून पंपाचा सारा जोर हवा दाबण्यात खर्ची पडतो आणि इंजन धरत नाही. शेतकरी बंधूंना हे सांगायला नको. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजनांचा कारखाना निघाला, आणि विहिरीवरच्या इंजनाची हवा नट सैल करून काढणे हे पिढ्यान्‌पिढ्या घरचेच काम झाले. पण इथेच सावध व्हा! आजच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतला दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक असतो. तो नट चालू इंजनावर सैल केला, तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून हातात शिरते. फिल्टरवर हातपंप असेल तर तो दाबावा. त्यापुढचे काम जाणत्याचे.

आता ज्या दोन चुका इंजनाचा जीव घेतात, त्यांविषयी. ऑइल फिल्टर काढताना त्याचे जुने रबरी कडे कधीकधी इंजनालाच चिकटून राहते. त्याच्यावर नवा फिल्टर त्याच्या नव्या कड्यासह बसवला की कड्यावर कडे येते. गॅरेजात सारे कोरडे दिसते. रस्त्यावर ऑइलचा दाब वाढला की कडे सरकते आणि थोड्याच वेळात सारे ऑइल डांबरावर. ऑइलचा लाल दिवा लागला तर "आलंच गाव" म्हणू नका. गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करून इंजन लगेच बंद करा. मात्र घाटाच्या उतारावर चालत्या गाडीचे इंजन बंद करू नका. इंजन थांबले की ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांतच संपते, आणि ज्या गाडीत स्टिअरिंगला मदत असते तिथे तेही जड होते.

दुसरी चूक पाण्याची. पाणी, म्हणजे कूलंट, भरताना हवेचा बुडबुडा आत अडकला, तर डोक्यावरचा भाग कोरडा तापतो आणि काटा कधीकधी ते दाखवतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजन पुरते थंड असताना पातळी पाहावी. गरम असताना झाकण मुळीच उघडू नये. शिक्षक मित्रांनी हे वर्गात प्रेशर कुकरवरून समजावून द्यावे. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण निघाले की दाब जातो आणि तेच पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पिवळा इंजनदिवा काहीबाही सांगत असतो. गॅरेजवाला यंत्र लावून त्याचा आकडा वाचतो. तो आकडा कागदावर लिहून मागावा. आकडा कोणत्या जोडणीची तक्रार आहे ते सांगतो, कोणता भाग मेला ते सांगत नाही. आकडा दिसला की लगेच सेन्सर बदलणारा मिस्त्री, खरं सांगायचं तर, निदान करीत नाही. तो अंदाज करतो, आणि तोही तुमच्या पैशाने.

पण मिस्त्रीवर अन्यायही नको. नवा पाण्याचा पंप बसला, दाब पूर्ववत झाला, आणि दहा वर्षांचा रबरी पाइप फुटला, तर त्याला मिस्त्री काय करणार? फार तर, पाइप जुना झाल्याचे आधी सांगायला हवे होते, एवढेच.

तेव्हा गाडी आली की पहिल्याच दिवशी माल भरून घाटात घालू नये. रिकामी आळेफाट्यापर्यंत नेऊन आणावी, रात्री खाली पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी डाग दिसेल तो खूण सांगेल. काही वावगे दिसले तर दुसऱ्या गॅरेजात इंजन उघडण्याआधी पहिल्यालाच पाहू द्यावे, नाहीतर चूक कुणाची हे कधीच ठरत नाही. तारीख, किलोमीटरचा आकडा आणि तक्रार लेखी द्यावी. गावातल्या गुरुजींनी यात हात द्यावा. काम पदरी न पडल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. गाडी भाड्याच्या धंद्याची असेल, तर मात्र आपले प्रकरण त्यात बसते का, ते आधी विचारून घ्यावे. पक्के बिल घ्यावे, आणि काढलेले जुने भाग गॅरेजात सोडून न येता गोणपाटात बांधून घरी आणावेत.