काशीच्या काठी लहान होडी

काशीस गंगा वळून उत्तरेकडे वाहते. वळणाच्या बाहेरील अंगास, घाटांपाशी, पाणी खोल व ओढ जबर. समोरच्या पूर्व काठास वाळू साचते. मासेमारीची लहान होडी वा कयाक लोटावयाची, तर ती या वाळूवरूनच. मासाही वाळूच्या टोकाआड, संथ पाण्यात थांबतो. मात्र वाळूची कड दर पुरात बदलते आणि पुढे एकाएकी खोल पाणी लागते. म्हणून आधी बांबूने ठाव घ्यावा, मल्लाहांस विचारावे. प्रथम प्रवाहाविरुद्ध वल्हवावे. थकल्यावर गंगाच परत आणते. रामनगर किल्ल्यापासून राजघाटापर्यंत १९८९ पासून कासव अभयारण्य होते. २०२० मध्ये त्याची अधिसूचना रद्द झाली, तरी जाळ्यात आलेले कासव सोडून देणेच प्राप्त आहे. कायद्याचे संरक्षण त्यास अन्यत्रही आहे.