दूधपोळी, आमटी आणि ‘ग्रेन-फ्री’

मांजराला दूध आणि कुत्र्याला पोळी, ही वाटणी आपल्या घरांत इतकी मुरली आहे की तिच्यावर शंका घेणाराच विचित्र ठरतो. मांजर दूध आवडीने पितं, हे खरं. पण पिल्लूपण सरलं की दुधातली साखर पचवणारं विकर बहुतेक मांजरांत कमी होतं आणि पोट बिघडतं. एवढ्यावर भागलं असतं तर चाललंही असतं. दूधपोळीने पोट भरलेलं मांजर मांस-मासळी कमी खातं, खरी गोम तिथे आहे. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू दुबळे होतात, दृष्टीही जाऊ शकते. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी या हृदयविकाराचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत दाखवलं, तेव्हा तयार खाद्यांतही ते अपुरं निघालं होतं. मग उत्पादकांनी प्रमाण वाढवलं. गाजर किसून घालण्याचाही उपयोग नाही: त्यातल्या कॅरोटीनचं ‘अ’ जीवनसत्त्व करणं मांजराला जमत नाही. शाकाहारी घराने मांजर आणण्याआधीच याचा विचार करावा.

कुत्र्याचं तसं नाही. ‘तो मुळात लांडगा, त्याला धान्य कशाला?’ असं सांगून महागडं ‘ग्रेन-फ्री’ खपवलं जातं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती आढळल्या, कुत्र्यांत 4 ते 30. म्हणजे शिजवलेला भात कुत्र्याला पचतो. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीतही गहू आहे, पण गोमांस, दुधाचे पदार्थ आणि चिकन त्याच्या पुढे आहेत.

मात्र भात पचतो म्हणून ताटात उरलेला आमटी-भात चालतो असं नाही. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि फोडणीत परतल्याने त्यांचा दोष जात नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले की बाधतील, याचा भरवशाचा हिशोब नाही. नुसतं घरचं चिकन-भातही पुरेसं नाही. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाची हाडं त्याने ठिसूळ होतात. घरीच शिजवायचं असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्यावं.

दुकानात आणखी एक चकवा असतो. ओल्या खाद्याच्या पाऊचवर प्रथिनं 10 टक्के आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर 28, म्हणून पाऊच हलकं समजलं जातं. पण पाऊचमध्ये 80 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 20 भागांत 10 भाग प्रथिनं, म्हणजे निम्मी. दाण्यांत पाणी 10 टक्के धरलं तर तिथे हेच प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास येतं. पिशवीवर ओलाव्याचा आकडाही छापलेला असतो, फक्त बारीक अक्षरात.