आजोबांचे वडील कोण? डीएनए चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

नवीन रुग्णाचा केसपेपर भरताना मी नेहमी विचारतो, "घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का?" साठीच्या एका गृहस्थांनी यावर जरा थांबून सांगितलं, "डॉक्टर, माझे आजोबा अनाथाश्रमात वाढले. त्यांच्या आईचं नाव आम्हाला माहीत आहे, वडिलांचं नाही. नातू म्हणतो, लाळेची चाचणी करू या. खरंच कळेल का?" त्यांच्या घरात तीन पिढ्या हा विषय कुणी काढला नव्हता.

असा प्रश्न तुमच्याही घरात असेल तर संकोच बाळगू नका. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. 1875 मध्ये पंढरपुरातही असं गृह सुरू झालं. विधवा स्त्रियांची तिथे गुप्तपणे बाळंतपणं होत. आई आणि मूल जगावं म्हणूनच ही गुप्तता होती. फुले दांपत्याने अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 'अनौरस' हा शब्द त्या काळाने मुलांना चिकटवला. त्यात त्या मुलांचा काहीच दोष नव्हता.

कोणती चाचणी काय सांगते?

वाय गुणसूत्राची चाचणी: हे गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळे आजोबांचा मुलगा, मुलाचा मुलगा अशा सरळ पुरुष वंशातल्या व्यक्तीचीच ही चाचणी उपयोगी पडते. मुलीच्या मुलाची करून फायदा नाही. ती पुरुष वंशाची शाखा दाखवते, नाव सांगत नाही. आपल्याकडे आडनावं गावावरून, व्यवसायावरून पडली आणि बदललीही, त्यामुळे जुळणाऱ्या माणसाचं आडनाव वेगळं असू शकतं.

सर्वसाधारण डीएनए चाचणी: ही स्त्री-पुरुष कुणीही करू शकतं. आई-वडिलांपैकी प्रत्येकाकडून आपल्याला निम्मा डीएनए मिळतो, प्रत्येक आजी-आजोबांकडून सरासरी 25 टक्के आणि प्रत्येक पणजी-पणजोबांकडून सरासरी साडेबारा टक्के. दर पिढीला वाटा निम्मा होतो.

म्हणून चाचणी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीची करावी. समजा, त्या अज्ञात पणजोबांचा दुसरा संसार होता आणि त्या संसारातल्या एका पणतूने चाचणी केली आहे. तुमचा आणि त्याचा डीएनए सरासरी दीड टक्का जुळेल. तुमच्या आत्याचा जुळला तर सरासरी तीन टक्के, म्हणजे दुप्पट. मात्र आत्यांना आधी सगळं समजावून सांगा आणि त्यांची संमती घ्या.

शोध कसा घेतात?

1. चाचणीनंतर डीएनए जुळणाऱ्या लोकांची यादी मिळते.
2. आजोबांच्या आईच्या माहेरच्या एखाद्या नातेवाइकाचीही चाचणी करतात. त्याच्याशीही जुळणारे लोक बहुधा आईकडचे, ते बाजूला काढतात. घरातल्या इतर ज्ञात शाखांचंही तसंच करतात.
3. उरलेल्यांचे कुटुंबवृक्ष मांडून त्यांचा समान पूर्वज शोधतात.
4. तो पूर्वज त्या काळी त्या गावात होता का, हे जन्म-मृत्यू नोंदी, जमिनीचे कागद आणि संस्थेच्या नोंदवह्यांतून पडताळतात.

मर्यादा कोणत्या?

यादीत फक्त चाचणी केलेलेच लोक असतात आणि भारतात अशी चाचणी करणारे अजून कमी आहेत. दुसरं, पिढ्यान्‌पिढ्या जातीत आणि मामे-आते भावंडांत लग्नं झाल्याने आपल्याकडे दूरचं नातंही डीएनएमध्ये जवळचं भासू शकतं. तिसरं, इतक्या पिढ्यांनंतर एका घरापर्यंत पोहोचता येतं, पण दोन सख्ख्या भावांपैकी नेमका कोण, हे बहुतेक वेळा डीएनए सांगू शकत नाही. अंदाजाला पुरावा समजून कुणाच्या दारात जाऊ नका.

तब्येतीच्या दृष्टीने किती महत्त्वाचं?

पणजोबांना कोणता आजार होता, याने तुमच्या उपचारात सहसा फारसा फरक पडत नाही. सर्वांत महत्त्वाचे आई-वडील, भावंडं आणि मुलं. वडील किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला 65 वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचा धोका वाढतो. त्यामुळे स्वतःचेच वडील अज्ञात असतील, तर मात्र अर्धा इतिहास हातात नसतो. अशा वेळी:

- केसपेपरवर 'नाही' असं लिहू नका, 'माहिती नाही' असं लिहा. 'नाही' वाचून डॉक्टर निश्चिंत होतात आणि एखादी तपासणी राहून जाते.
- रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल किती वेळाने तपासायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.
- लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच थॅलेसेमियाची रक्ततपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.
- घरात कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर एका बाजूची माहिती नाही हेही डॉक्टरांना सांगा.

चाचणीआधी घरात बोला

ही चाचणी शंभर वर्षांपूर्वीचंच गुपित उघडेल असं नाही. हयात माणसांचंही उघडू शकते. नको असलेलं उत्तर आलं तर काय करायचं, हे आधी ठरवा. घरात कुणी दत्तक असेल आणि त्याला ते सांगितलेलं नसेल, तर चाचणीच्या अहवालातून त्याला ते कळू देऊ नका, आधी स्वतः सांगा.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं. मग त्यांच्या केसपेपरवर कुटुंबाच्या इतिहासात आम्ही लिहिलं: 'आजोबांचे वडील – माहिती नाही.' आणि त्यांचा रक्तदाब मोजला.